सीलचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात दर रविवारी सकाळी आम्ही काही जण सूक्ष्मदर्शक घेऊन बसतो. बीएस्सीची मुलं असतात, दोन-तीन निवृत्त शिक्षक, एखाद-दुसरा पशुवैद्यकाचा विद्यार्थी. बुडी मारणाऱ्या प्राण्यांची फुप्फुसं हा विषय आम्ही घेतला आणि तेव्हापासून फोनवर तेच ते प्रश्न येत राहिले. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच इथं मांडतो. आधीच सांगतो: माझ्याकडे सीलच्या फुप्फुसाची स्वतःची एकही काचपट्टी (स्लाईड) नाही. जे पाहिलं ते संगणकावरच्या स्लाईडमध्ये आणि छापील चित्रांत.

१. सील आणि समुद्री सिंह एकच ना?

नाही, आणि या पानावर तो फरक पदोपदी लागणार आहे. या गटात तीन कुळं आहेत. बाहेर कानाची पाळी नसलेले, जमिनीवर पोटावर सरपटणारे ते खरे सील. छोटी पाळी असलेले, मागचे पाय पुढे वळवून चालू शकणारे ते समुद्री सिंह आणि फर सील. तिसरा एकटा वॉलरस. कुणी ‘सीलची स्लाईड’ म्हणून चित्र पाठवलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या कुळातला? व्हेल आणि डॉल्फिन या गटात येतच नाहीत.

२. सर, सोलापूरपासून समुद्र एवढा लांब. सीलचं फुप्फुस इथं कशाला?

समुद्र जवळ असता तरी काय फरक पडला असता? भारताच्या किनाऱ्यावर सील राहतच नाहीत, म्हणजे रत्नागिरीकरही या बाबतीत आपल्याच रांगेत. उलट रशियातल्या बैकाल या गोड्या पाण्याच्या सरोवरात सील आहेत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत.

खरं कारण असं की आपल्या फुप्फुसाची रचना अशी का, हे त्याच्याकडे कितीही बघितलं तरी कळत नाही. तीच रचना वेगळ्या कामासाठी बदललेली दिसली की कळतं.

३. सील पाण्यात श्वास कसा घेतो?

घेत नाही. त्याला कल्ले नाहीत. नाकपुड्या बंद, श्वास रोखलेला. विश्रांतीच्या स्थितीत त्याच्या नाकपुड्या मिटलेल्याच असतात, उघडायलाच स्नायू वापरावा लागतो.

४. मग तो छाती फुगवून भरपूर हवा घेऊन जात असणार?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा, आणि सगळ्यात पक्का गैरसमजही हाच. खरे सील बुडी मारण्याआधी श्वास सोडतात. वजनाच्या मानाने सीलचं फुप्फुस जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांपेक्षा फार मोठंही नसतं.

प्राणवायू साठवला जातो रक्तात आणि स्नायूंत. अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलच्या शरीरातल्या एकूण प्राणवायूपैकी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास फुप्फुसात असतो. सुमारे दोन तृतीयांश रक्तात आणि उरलेला स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्राणवायू धरून ठेवणाऱ्या प्रथिनात. आपल्याकडे हिशोब वेगळा: जवळपास पाव भाग फुप्फुसात. म्हणून विहिरीत सूर मारताना आपण छाती भरून घेतो.

तेव्हा सीलच्या फुप्फुसाकडे साठवणीची टाकी म्हणून बघू नका. नीट मिटता यावं आणि पुन्हा नीट उघडता यावं, यासाठी ते घडलेलं आहे. पुढची बहुतेक उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात.

५. खोल गेल्यावर फुप्फुसातल्या हवेचं होतं काय?

दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर हवेचं आकारमान निम्मं, ३० मीटरवर पाव. ३० मीटर म्हणजे आपल्या भाषेत पंधरा-सोळा परस विहीर. १,००० मीटरवर उरतो साधारण शंभरावा भाग. एलिफंट सील २,००० मीटरच्याही खाली जातो.

१९४० साली पेर शोलांडर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांडलं की दाब वाढताना आधी मऊ वायुकोश (नळ्यांच्या टोकाचे हवेचे बारीक फुगे) मिटतात आणि त्यांच्यातली हवा वरच्या, ताठ नळ्यांत ढकलली जाते. नळ्यांच्या जाड भिंतीतून वायूंची देवाणघेवाण होत नाही. म्हणजे नायट्रोजन रक्तात शिरणं थांबतं. पाणबुड्या माणसाला खोलवर जी गुंगी चढते आणि वर येताना सांध्यांत जे बुडबुडे होतात, ते या नायट्रोजनमुळे.

पुढे हे प्रत्यक्ष मोजलं गेलं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेडेल सीलमध्ये वायुकोश साधारण ३० मीटरच्या आसपास मिटल्याचं दिसलं. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया समुद्री सिंहाच्या रक्तातला प्राणवायू बुडीच्या दरम्यान मोजला तेव्हा तोच टप्पा सुमारे २२५ मीटरवर आला. इतका फरक का? समुद्री सिंह हवा भरून घेऊन उतरतो, सील सोडून उतरतो.

६. स्लाईडवर सुरुवात कुठून करू? सगळं गुलाबी दिसतं.

वरून खाली या, हवेच्या वाटेने. मोठ्या श्वासनलिकेचं अस्तर तुमच्या ओळखीचंच आहे: उंच स्तंभाकार पेशी, केंद्रकं वर-खाली असल्याने अनेक थरांचा भास, टोकाला पक्ष्माभिकांची (हलत्या सूक्ष्म केसांची) लव, मधे मधे श्लेष्मा भरलेल्या चषक पेशी. खाली संयोजी ऊतीत ग्रंथी, आणि निळसर-जांभळे चकचकीत तुकडे दिसतील ती कूर्चा. शाळेच्या पुस्तकात तिला कास्थी म्हटलंय, तीच ही.

नळी लहान होत जाते तशा पेशी बुटक्या होतात, चषक पेशी आणि ग्रंथी विरळ होत जातात. इथपर्यंत माणूस, बोकड, सील यांच्यात नवखा माणूस फरक सांगू शकणार नाही. फरक शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये आहे. तो प्रश्न ८ मध्ये.

एक सूचना: फक्त हिमॅटॉक्झिलिन-इओसिन या नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगांवर थांबू नका. लवचीक तंतू काळे दाखवणारं वेरहॉफचं रंजन (काप रंगवण्याची पद्धत) केलेली स्लाईड मिळाली तर तीही शेजारी ठेवा. सीलच्या फुप्फुसाची निम्मी गोष्ट त्या काळ्या रेघांत आहे.

७. श्वासनालेतल्या (घशातून छातीत उतरणाऱ्या मुख्य नळीतल्या) कूर्चेच्या कड्या पूर्ण असतात की इंग्रजी सी अक्षरासारख्या?

जातीवर अवलंबून. उत्तरेकडच्या बऱ्याच सीलमध्ये कड्या पूर्ण किंवा जवळपास पूर्ण असतात. अंटार्क्टिकातल्या लेपर्ड सीलमध्ये त्या आक्रसून फक्त पोटाकडच्या बाजूला पट्ट्या उरल्यात. वेडेल सीलची श्वासनाल चपटी होऊ शकते.

आणखी एक फरक स्लाईडवर नाही तर विच्छेदनात दिसतो. समुद्री सिंहाची श्वासनाल छातीत शिरता शिरताच दुभंगते आणि दोन लांब नळ्या समांतर जातात. खऱ्या सीलमध्ये हा फाटा फुप्फुसाजवळ येतो.

८. छोट्या श्वासनलिकांत कूर्चा असते हे खरं का? आम्हाला तर ‘नसते’ असं शिकवलंय.

तुम्हाला माणसाचं शिकवलंय आणि ते बरोबर आहे. आपल्यात नळीचा व्यास १ मिलिमीटरच्या आसपास आला की कूर्चा संपते. परीक्षेत श्वासनलिका आणि तिच्या बारीक फांद्या यांतला फरक म्हणून हेच लिहायचं. पण समुद्री सिंहाची स्लाईड लावली की पोटात गोळा येतो, कारण कूर्चेचे तुकडे थेट वायुकोशांच्या दारापर्यंत पोचलेले असतात. वायुकोशाच्या नाजूक जाळीला खेटून कूर्चा बसलेली पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, दोन वेगळे काप चुकून एकावर एक चढलेत.

असं का, हे आमच्या गटातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. विहिरीवरच्या मोटरीला दोन तऱ्हेचे पाईप असतात. पाणी ओढणारा सक्शनचा पाईप कडक आणि वळ्यावळ्यांचा, पाणी पुढे नेणारा मऊ आणि चपटा, गुंडाळून ठेवता येणारा. ओढीच्या बाजूला चपटा लावला तर तोच चिकटून बसेल आणि पाणी यायचं बंद होईल. फुप्फुसात वायुकोश म्हणजे चपटा पाईप, श्वासनलिका म्हणजे सक्शन. मिटण्याचा क्रम महत्त्वाचा. नळी आधी मिटली तर हवा वायुकोशात कोंडून राहणार, आणि दाबाखाली कोंडलेली हवा म्हणजे नायट्रोजन रक्तात जायला मोकळं रान.

हे तपासलंही गेलंय. १९७१ मध्ये डेनिसन, वॉरेल आणि वेस्ट यांनी समुद्री सिंहाची आणि कुत्र्याची काढलेली फुप्फुसं रिकामी होऊ दिली. समुद्री सिंहाचे वायुकोश जवळजवळ पूर्ण रिकामे झाले, कुत्र्याच्या फुप्फुसात हवा अडकून राहिली. दोन वर्षांनी डेनिसन आणि जेराल्ड कूयमन यांनी अनेक जातींच्या बारीक नळ्या तपासल्या. त्यांचं सार असं की समुद्री सिंहात शेवटपर्यंत कूर्चा, तर खऱ्या सीलमध्ये शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये कूर्चा कमी होते आणि तिची जागा जाड अनैच्छिक स्नायू घेतो. काम एकच, कारागीर वेगळा.

दुसरा फायदा पाण्याबाहेरचा. नळ्या ताठ असल्याने श्वास फार वेगाने सोडता येतो, फुप्फुस जवळपास रिकामं असतानाही. पृष्ठभागावर थोडाच वेळ मिळणाऱ्या प्राण्याला ही चैन नव्हे, गरज आहे.

९. डॉल्फिनमध्ये नळ्यांना स्नायूंच्या कड्यांसारख्या झडपा असतात म्हणतात. सीलमध्येही?

डॉल्फिनच्या अगदी शेवटच्या नळ्यांत एकामागोमाग एक स्नायूंच्या आणि लवचीक तंतूंच्या गोल कड्या दिसतात, त्या प्रसिद्ध आहेत. सीलमधला स्नायू हा नळीभोवतीचा जाड थर म्हणून शिकावा. ‘डॉल्फिनसारख्या झडपा’ असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. वायुकोशांमधल्या पडद्यात केशवाहिन्यांचे दोन थर, हेही व्हेल-डॉल्फिनचं वैशिष्ट्य म्हणूनच लक्षात ठेवा.

१०. तुम्ही म्हणता नळ्या ताठ, आणि प्रश्न ७ मध्ये म्हणता श्वासनाल चपटी होते. दोन्ही कसं खरं?

हा प्रश्न एका अकरावीच्या मुलीने विचारला आणि उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

ताठपणा म्हणजे अभेद्यपणा नाही. आधी वायुकोश मिटले पाहिजेत, एवढंच नळ्यांकडून अपेक्षित आहे. ते झाल्यावरही प्राणी खोल जातच राहतो आणि नळ्यांत ढकललेली हवाही दाबली जाऊन कमी कमी होते. अशा वेळी नळी पोलादी असती तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडला असता आणि अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगून फुटल्या असत्या. म्हणून वाकणारी श्वासनाल ही सोय आहे. छातीचा पिंजराही तसाच, सहज आत दबणारा.

११. वायुकोश मिटल्यावर चिकटून बसत नाहीत का? पुन्हा उघडतात कसे?

भाजीवाल्याच्या पातळ प्लास्टिक पिशवीचं तोंड ओल्या हाताने उघडून बघा. दोन ओले पापुद्रे एकमेकांना सोडत नाहीत. वायुकोशाची अडचण नेमकी हीच.

वायुकोशाच्या भिंतीत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. पहिल्या अतिशय चपट्या, त्यांच्यातून वायू आरपार जातात. दुसऱ्या फुगीर, कोपऱ्यात बसलेल्या, त्या सरफॅक्टंट नावाचं स्निग्ध मिश्रण स्रवतात. आपल्याकडे त्याचं मुख्य काम पृष्ठताण कमी करणं. सीलच्या सरफॅक्टंटच्या चाचण्यांत मात्र गंमत निघाली: पृष्ठताण कमी करण्यात ते जमिनीवरच्या प्राण्यांच्या सरफॅक्टंटइतकं चांगलं नाही. संशोधकांचं म्हणणं असं की इथं त्याचं काम चिकटू न देण्याचं आहे, पातळपणे पसरून दोन भिंतींत सरकता थर ठेवण्याचं. कॅलिफोर्निया समुद्री सिंहाच्या नवजात पिल्लांत ते जमिनीवरच्या प्राण्यांच्या जवळचं आढळलं, म्हणजे हा बदल वाढत्या वयात होतो.

उघडण्याचं दुसरं साधन म्हणजे ते काळे लवचीक तंतू. वायुकोशांच्या दाराशी, पडद्यांत आणि फुप्फुसावरणात ते भरपूर असतात. सरफॅक्टंट साध्या स्लाईडवर दिसत नाही, रंजनाआधीच्या अल्कोहोल-झायलीनमध्ये धुऊन जातो. तेव्हा ‘मला दिसला’ म्हणू नका.

१२. मग ‘लंग कोलॅप्स’ झालेला रुग्ण आणि बुडी मारलेला सील यांची अवस्था सारखी का?

शब्द एक, गोष्टी दोन. रुग्णात बहुधा फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरलेली असते, किंवा नळी श्लेष्म्याने बुजलेली असते. सीलमध्ये मध्ये हवा शिरत नाही. छातीच दाबली जाते आणि फुप्फुस तिच्याबरोबर लहान होतं. वर येताना दाब उतरतो, छाती पसरते, फुप्फुस उघडतं. एका दिवसात हे कितीतरी वेळा.

१३. माझ्या स्लाईडमध्ये वायुकोश मिटलेले आहेत. प्राणी बुडीत असताना मेला असेल का?

असा निष्कर्ष काढू नका. फुप्फुसाचा तुकडा कापून तसाच फॉर्मलिनमध्ये टाकला की तो आपल्या लवचिकपणानेच आकसतो. त्यातली हवा त्याला वर तरंगत ठेवते, द्रव आत नीट पोचत नाही, आणि स्लाईडवर दिसतात मिटलेले वायुकोश. ही तयारीतली चूक. ती टाळायला श्वासनालेतून हलक्या दाबाने १० टक्के बफर्ड फॉर्मलिन भरून फुप्फुस फुगवलेल्या स्थितीत पक्कं करतात. प्राणी कुठल्या खोलीवर होता हे कापावरून सांगता येत नाही. सांगणारा भेटला तर त्याला आमच्या रविवारी घेऊन या.

१४. नाकाचा यात काही संबंध?

मोठा आहे. सीलच्या नाकात हाडाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्यांची दाट गुंतवळ असते, वर श्लेष्मल अस्तर. आडवा काप चक्रव्यूहासारखा दिसतो. उच्छ्वासातली ऊब आणि ओलावा या पट्ट्यांवर मागे राहतो आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत जातो. एलिफंट सीलची पिल्लं आईचं दूध सुटल्यावर आठवडेच्या आठवडे काही न खाता-पिता काढतात, त्यांना हे पाणी वाचवणं जिवाचं आहे. थंड प्रदेशातल्या सीलमध्ये ही गुंतवळ उष्ण प्रदेशातल्या मंक सीलपेक्षा जास्त गुंतागुंतीची असते. एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशांत नाक कोरडं पडलं की मला ही पट्ट्यांची गुंतवळ आठवते.

१५. एका चित्रात नळीच्या पोकळीत गोल गोल काप दिसतात. ती कूर्चा का?

नाही, बहुधा जंत. खऱ्या सीलच्या श्वासनलिकांत ऑटोस्ट्राँगायलस हा काही सेंटीमीटर लांबीचा जंत आढळतो, कापात त्याचं आतडं आणि बाहेरचं आवरण स्पष्ट दिसतं. समुद्री सिंहात पॅराफिलॅरॉयडिस, तो बारीक आणि वायुकोशातच बसणारा. शिवाय नाकात माइट (गोचिडीच्या जातीचे बारीक जीव) असतात.

१६. सीलना फुप्फुसाची साथ येते का? माणसाला धोका?

१९८८ मध्ये उत्तर समुद्राच्या परिसरात फोसीन डिस्टेंपर विषाणूने सुमारे १८,००० हार्बर सील मेले, २००२ मध्ये पुन्हा मोठी साथ आली. हा विषाणू गोवराच्या जवळच्या घराण्यातला. कापात अनेक केंद्रकं असलेल्या, एकमेकींत विरघळलेल्या महापेशी आणि पेशीतले गुलाबी ठिपके दिसतात.

माणसापुरतं बोलायचं तर क्षयाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सीलमध्ये क्षयाचा स्वतःचा जंतू असतो, मायकोबॅक्टेरियम पिनिपेडी. पेरूमधल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मानवी सांगाड्यांत सापडलेला क्षयाचा जंतू या सीलच्या जंतूच्या सगळ्यात जवळचा निघाला, हे २०१४ मध्ये जाहीर झालं. म्हणजे युरोपीय लोक यायच्या आधी तिथं क्षय पोचला होता, बहुधा सीलच्या शिकारीतून.

१७. माझे वडील तीस वर्षं यंत्रमागावर होते, आता दम लागतो. सीलच्या या संशोधनाचा त्यांना उपयोग होईल का?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत चौघांनी पाठवलाय, म्हणून सरळ उत्तर: नाही. सीलचं सरफॅक्टंट हे औषध नाही आणि आपल्या नळ्यांत कूर्चा उगवणार नाही. कापसाच्या धुळीने श्वासनलिका आवळतात, सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जखडते. जुन्या कामगारांना हे सांगावं लागत नाही. वडिलांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या, फुंकण्याची चाचणी करून घ्या, आणि किती वर्षं कुठल्या खात्यात काम केलं ते कागदावर लिहून सोबत द्या. डॉक्टर विचारतातच असं नाही.

१८. सीलची तयार स्लाईड विकत मिळेल का?

नाद सोडा. सीलच्या अनेक जातींच्या अवयवांच्या आंतरराष्ट्रीय ने-आणीवर निर्बंध आहेत, अमेरिकेत १९७२ पासून समुद्री सस्तन प्राण्यांसाठी वेगळा कायदा आहे. संगणकावरच्या स्लाईड पुरतात.

१९. मग हाताने काही करून बघता येईल असं?

येईल. खाटकाकडून बोकडाचं फुप्फुस श्वासनालेसकट मागून घ्या, न फाटलेलं. हातमोजे घाला. श्वासनालेत नळी बसवून सायकलच्या पंपाने हळू हळू हवा भरा, तोंडाने फुंकू नका. हवा सोडल्यावर ते पूर्ण मिटतं का बघा. नाही मिटत. एक तुकडा कापून पाण्यात टाका, तरंगेल. अडकलेली हवा ती हीच. मग कात्रीने श्वासनालेपासून नळी उभी चिरत आत चला आणि बोटाने कूर्चेचे कडक तुकडे चाचपत राहा. ज्या जागी बोटाला काहीच टणक लागेनासं होतं, तिथं टाचणी टोचून ठेवा. समुद्री सिंहात ती टाचणी टोचायला जागाच मिळाली नसती.

२०. रिबन सीलला हवेची पिशवी असते, ती कशासाठी?

त्याच्या श्वासनालेला मागच्या बाजूला चीर असते आणि तिथून एक पातळ पिशवी निघून उजव्या बरगड्यांवर पसरते. नरांत ती जास्त मोठी, त्यामुळे आवाज काढण्याशी तिचा संबंध असावा असं मानतात. वॉलरसला पिशव्या असतात त्या मात्र घशाला, आणि त्या फुगवून तो पाण्यात उभ्याउभ्या झोपतो.